थोरल्या मदरची घंटा

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आळस नव्हे. लॅबमधून घरी येते तेव्हा हातात पेन धरायचंही त्राण नसतं. सकाळी आम्ही दार उघडायच्या आधीच रांग लागलेली असते. सगळे उपाशीपोटी आलेले, म्हणून सगळे चिडलेले. पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, पुढचा. कुणी म्हणतं, "हळू हं सिस्टर." आधी मी सांगायचे की मी सिस्टर नाही, इथं तपासणी करते. आता सांगणं सोडून दिलंय.

मावशी, मला तुमच्या मठात यायचंय असं वाटतं. 'वाटतं' असं लिहिलं कारण खात्री नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादर कधीकधी आम्हा मुलींना थांबवून पाचारणाबद्दल बोलतात. देव ज्याला त्याला त्याच्या नावानं हाक मारतो, आपण फक्त शांत बसून ऐकायचं, असं सांगतात. मी शांत बसून बघितलं. शांत बसले की मला झोप लागते.

तुला न विचारता मी तुमच्या मठाच्या प्रमुख सुपीरियरना लिहिलं होतं. रागावू नकोस. त्यांचं उत्तर आलंय. जूनअखेर नक्की कळव, जुलैत नव्या मुलींची उमेदवारी सुरू होते, आणि पहिली दोन वर्षं घरी यायचं नसतं, असं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, हे तुला माहीत आहे. कारखान्यात शर्टांची काजं करकरून तिनं मला शिकवलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि ती पदवी घेऊन मी तिला एकटीला सोडून निघणार. हे फक्त मला वाटतंय म्हणून करायचं का? देवानं बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून विचारते. तुला हाक आली तेव्हा ती कशी होती? तू कशी ओळखलीस? मोठ्यांसारखं गोल गोल सांगू नकोस.

तुझी भाची

---

२६ फेब्रुवारी

प्रिय शहाणे,

रागावले नाही. रागवायलाही ताकद लागते आणि ती मी सध्या जपून वापरते. माझ्याकडे म्हाताऱ्या सिस्टरांचा मजला आहे. उचलणं, आंघोळी, औषधं, चादरी. माझे स्वतःचे गुडघे या मजल्यावर भरती व्हायच्या लायकीचे झालेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही. इथे काय चाललंय ते सांगते.

आमच्याकडे एक नियम आहे. घंटा हा देवाचा आवाज मानायचा. ती वाजली की हातातलं काम आहे तिथे टाकायचं आणि चॅपेलमध्ये प्रार्थनेला जायचं. अर्धं लिहिलेलं अक्षरसुद्धा पुरं करायचं नाही. घंटा कुणी वाजवली, का वाजवली, हे विचारायचं नाही. मी आले तेव्हा थोरल्या मदर सुपीरियर होत्या, आणि हा नियम त्यांनी आमच्या हाडात मुरवला. कुणी एक टाका घालण्यापुरती मागे राहिली तरी म्हणायच्या, "देव थांबलाय, आणि तुझा टाका थांबत नाही?"

आता थोरल्या मदर माझ्याच मजल्यावर आहेत. डोकं थकलंय. आपण कुठे आहोत हे कळत नाही, सुपीरियर कोण ते आठवत नाही. पाय मात्र ठणठणीत. मी पाठ फिरवली की त्या जिना उतरतात, चॅपेलबाहेर जाऊन दोर धरतात आणि घंटा वाजवतात.

पहिल्यांदा वाजली तेव्हा आम्ही सगळ्या गेलो. नियमच तसा. कुणाच्या हाताला साबण, कुणाच्या डोक्याला शाम्पू, स्वयंपाकघरातली सिस्टर गॅस बंद करून हातात डाव घेऊन आली. कुणालाच कळेना आता काय करायचं. शेवटी सुपीरियरनी एक स्तोत्र सुरू केलं. थोरल्या मदर पहिल्या बाकावर समाधानानं बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता रोज होतं. स्वयंपाकघरातली सिस्टर म्हणते, "देवाचा आवाज इतक्यांदा यायला लागला तर भाजी कधी शिजायची?" हसू येतं, पण त्यांच्यामागे धावणं माझ्या वाट्याला आलंय, आणि

आले. घंटेपाशी त्याच होत्या. काय लिहीत होते ते विसरले. पोस्टाची वेळ झाली, असंच टाकते. ताईला आधी सांग. मग मला विचार.

तुझी मावशी

---

१४ मार्च

प्रिय मावशी,

आईला सांगितलं. कारखान्याचे शर्ट घरी आणून बसली होती, तिनं मशीन थांबवलं नाही. काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "एक बहीण नेली, आता मुलगी. देवाला आमच्याच घराचा पत्ता पाठ झालाय. शेजारच्यांची दारं दिसत नाहीत का त्याला?"

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही, मी फक्त ऐकायचा प्रयत्न करतेय. तर म्हणाली, "लॅबमध्ये सगळे सिस्टर म्हणतात ना तुला? मग तिथंच हो की सिस्टर. संध्याकाळी घरी तरी येशील."

त्यानंतर बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भाजी काय करू, पाणी भरलंस का, एवढंच. तुला निरोप आहे, तिच्याच शब्दांत: "तिला सांग, हिला नादी लावू नकोस." मी सांगितलं की तू उलट काहीच बोलत नाहीस. तर म्हणाली, "तेच तर. न बोलता नादी लावायची तिला सवय आहे."

तुझ्या पत्रातला घंटेचा नियम मी पुन्हा पुन्हा वाचला. तू वैतागून लिहिलंस, पण मला तो फार आवडला. असं जगायला मिळालं तर किती बरं. एक आवाज येतो, आपण उठतो, प्रश्न संपला. इथे मला कुणी आवाजच देत नाही. आई 'राहा' म्हणते, कारण तिला मी लागते. लॅबवाले 'राहा' म्हणतात, कारण रक्त काढायला माणूस लागतं. तू तरी सरळ सांग. मी येऊ का? तू 'ये' म्हणालीस तर मी ती हाकच मानीन.

तुझी भाची

---

२ एप्रिल

प्रिय शहाणे,

असलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नकोस. मी 'ये' म्हणणार नाही. 'येऊ नकोस' असंही नाही.

कारण ऐक. माझ्या मजल्यावर सगळ्या म्हाताऱ्या, आणि त्यांना उचलणारी मी एकटी. मदतीला येते ती सिस्टर माझ्याहून वयानं मोठी आहे. तिनं एक बाजू धरली की मला दोघींना सांभाळावं लागतं. गेल्या काही वर्षांत एकही नवी मुलगी आमच्याकडे टिकलेली नाही. अशात मी तुला 'ये' म्हटलं तर ते कोण बोललं? देव, का माझे गुडघे? मला स्वतःला कळत नाही, मग तुला काय कळणार. ताईला तू हवीस म्हणून ती 'राहा' म्हणते, हे तुला दिसलं. मी तिच्यापेक्षा वेगळी आहे असं का वाटलं तुला?

घंटेचं म्हणशील तर तो नियम आता राहिला नाही. सुपीरियरनी सगळ्यांना बसवून सांगितलं, वेळापत्रकातली घंटा तेवढी खरी, बाकीची सोडून द्या. दोर काढून टाकावा असंही कुणी सुचवलं, पण तोच दोर रोजच्या प्रार्थनांना लागतो. आता घंटा वाजली की आम्ही आधी घड्याळाकडे बघतो. इतकी वर्षं कधी बघितलं नव्हतं. परवा तर खरी सकाळची घंटा होती आणि निम्म्या जणी जागच्या हलल्या नाहीत, थोरल्या मदरच असतील म्हणून.  

सुपीरियर म्हणतात, मेमध्ये दोन आठवडे इथे येऊन राहा, बघ, मग ठरव. त्या सगळ्याच मुलींना तसं सांगतात. रजा मिळाली तर ये. माझ्याच मजल्यावर काम देतील. माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नकोस.

मावशी

---

३० मे

प्रिय मावशी,

पोचले. आईनं दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वाळलीस. तिथे उपासमारच करतात वाटतं." मी वाळलेली नाही, फक्त पाठ मोडून आलीय. चादरी बदलणं हे रक्त काढण्याहून अवघड काम आहे.

तिथे असताना तुझ्याशी नीट बोलताच आलं नाही. तू मला टाळत होतीस का? मी खोलीत आले की तू बाहेर. 'हा टॉवेल पिळ', 'ती बादली उचल' यापलीकडे तू माझ्याशी बोलली नाहीस. निघाले त्या दिवशीसुद्धा तू फाटकापर्यंत आली नाहीस. मला वाटलं, तुला मी तिथे नकोशीच आहे.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू एका म्हाताऱ्या सिस्टरला आंघोळ घालत होतीस आणि मी पाणी ओतत होते, तेव्हा घंटा वाजली. तू म्हणालीस, "घड्याळ बघ." मी तांब्या ठेवला आणि गेले. मागून तू काहीतरी म्हणालीस, ते मी ऐकलं नाही.

थोरल्या मदर दोर धरून उभ्या होत्या. दुसरं कुणी नव्हतं.

"आलीस?" त्या म्हणाल्या.

"हो मदर. काय हवंय?"

"काही नको."

"मग घंटा का वाजवलीत?"

मी फारच बावळट प्रश्न विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोणी येतं का बघत होते."

"आणि नाही आलं तर?"

"तर काय. परत वाजवायची." मग दोर सोडला. "तू कोण गं?"

"म्हाताऱ्या सिस्टरांचं बघतात ना, त्या सिस्टरची भाची."

"ती होय. बरी मुलगी आहे. गाते छान. हल्ली गात नाही."

आम्ही आत जाऊन बाकावर बसलो.  खरं सांगू, मी वाट बघत होते. आता आत काहीतरी होईल, ज्याची फादर गोष्ट सांगतात ते. काही झालं नाही. पाय दुखत होते, बाही ओली होती, तुला एकटीला ती आंघोळ आवरायला लागत असणार म्हणून अपराधी वाटत होतं. पण उठावंसंही वाटेना. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली, माझ्या खांद्यावर. शांत बसलं की झोप येणारी मी एकटीच नाही, हे बघून बरं वाटलं.

मावशी, तू गायचीस? मला कधीच माहीत नव्हतं. आईही कधी बोलली नाही.

तुझी भाची

---

१२ जून

प्रिय शहाणे,

मी टाळत होते. तू मला नको होतीस म्हणून नाही. तू त्या पलंगांमधून फिरायला लागलीस आणि दुसऱ्याच दिवशी माझं काम निम्मं झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी घाबरले. तुझ्याशी दोन शब्द गोड बोलले असते तर तिसरा शब्द 'राहा' आला असता. फाटकापर्यंत आले असते तर हात धरला असता. म्हणून त्या वेळी मी कपडे धूत बसले. ते आदल्या दिवशीच धुतलेले होते.

त्या दुपारी मी मागून म्हणाले होते, "जाऊ नकोस, त्याच असतील." मग म्हाताऱ्या सिस्टरला पुसून, कपडे घालून खाली आले. दारातून तुम्ही दोघी दिसलात. मी आत आले नाही.

आता तुझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. मला कुठलाही आवाज आला नव्हता. ताईचं लग्न झालं, घर ओस पडलं, आणि इथल्या सिस्टर एकच गाणं चार वेगवेगळ्या सुरांत एकत्र गायच्या. मला त्यांच्यात उभं राहून गायचं होतं. गाण्यासाठी आले, बाळ. घरी मात्र सांगितलं की देवानं बोलावलं. तेवढं म्हटल्याशिवाय ताईनं सोडलं नसतं. तिला हे सांगू नकोस. देवानं नेली या समजुतीवर तिनं ते सोसलंय.

पाचारण नंतर आलं. एकदम नाही. एका पावसाळ्यात थोडं, मग बरीच वर्षं काहीच नाही, मग एका आजारी सिस्टरची पाठ चोळताना थोडं. गाणाऱ्या एकेक करून गेल्या. एकटीनं चौथा सूर काय गायचा, म्हणून मीही थांबले. पण राहिले. राहावंसं का वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. काही दिवशी ते कळतं, काही दिवशी फक्त थकलेली असते. हल्ली थकलेलेच दिवस जास्त.

थोरल्या मदर गेल्या मंगळवारी वारल्या. झोपेतच. मी उशी नीट करायला गेले तर गेलेल्या होत्या. आता घंटा वेळेवर वाजते आणि सगळ्या वेळेवर येतात. घड्याळ बघायची सवय मात्र कुणाची गेलेली नाही. माझीसुद्धा.

हे सगळं वाचून येऊ नयेसं वाटलं तर येऊ नकोस. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघीन.

मावशी

---

२३ जून

प्रिय मावशी,

थोरल्या मदरचं वाचून वाईट वाटलं. मी त्यांना दोन आठवडेच बघितलं, पण आज लॅबमध्ये एका आजीबाईंचा हात धरला आणि काही केल्या शीर सापडेना. डोळ्यांत पाणी होतं म्हणून. आजीबाई म्हणाल्या, "टोचणार मला आणि रडते ही."

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. एरवी तुझी पत्रं मी मोठ्यानं वाचते. तिनं विचारलं, "लांबलचक दिसतंय. काय म्हणते?" मी म्हटलं, थकलीय. तर म्हणाली, "ते पाकिटावरच्या अक्षरावरूनच कळतंय."

मग काल बोलणं झालं. मी पुष्कळ तयारी केली होती. देवाची इच्छा, सेवा, मोठा त्याग, सगळं पाठ करून ठेवलं होतं. पहिलंच वाक्य निम्मं झालं आणि तिनं मशीन थांबवलं.

"थांब," ती म्हणाली. "देवाचं मला सांगू नकोस. त्याचं आणि माझं मी बघीन. तुला जायचंय का?"

"देव जर बोलावत असेल—"

"मी देवाला नाही विचारलं. तुला विचारलं. तू बोल."

 सोपं होतं, पण तोंडातून निघेना. इतके महिने मी सगळ्यांना विचारत फिरत होते की मला कोण बोलावतंय. फादरांना, तुला, झोप येईपर्यंत देवाला. मी जाणार का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, मला जायचंय," मी म्हटलं.

तिनं शर्ट उचलला आणि शेवटचं काज उसवायला घेतलं. ते बरोबर होतं, मी बघितलं होतं. मी म्हटलं, "तू एकटी राहशील." तर म्हणाली, "मी काय पाळण्यात आहे?" आणि मग, शर्टात डोकं खुपसून, "मला रडवू नकोस. कापडावर डाग पडतो."

मावशी, हाक आली असं मी म्हणणार नाही. आली नाही. कदाचित तुझ्यासारखी नंतर येईल, थोडी थोडी, किंवा नाही येणार. मला तर आताच थकायला झालंय आणि अजून सुरुवातही नाही. पण त्या दुपारी मी घड्याळ न बघता गेले होते, आणि गेल्याचं वाईट वाटलं नाही. माझ्याकडे एवढंच आहे. सुपीरियरना आजच लिहिलंय. तुझ्या गुडघ्यांसाठी येत नाही, हे लक्षात ठेव. तरी त्यांना सांग, मी येतेय.

तुझी भाची

---

१ जुलै

धाकटे,

माझं अक्षर लागलं नाही तर हिच्याकडून वाचून घे. नको, हिच्याकडून नको. तूच लाव.

पोरगी शनिवारी निघते. इतकी वर्षं मी तुला माझ्या हातानं पत्र लिहिलं नाही, निरोपच धाडले. तुला वाटत असेल, गेलीस म्हणून राग. तू गाण्यासाठी गेलीस हे मला तेव्हाच माहीत होतं. मी माहेरी आले की गच्चीवर कपडे वाळत घालताना तू त्या सिस्टरांची गाणी म्हणायचीस, ते काय मला ऐकू येत नव्हतं? मग माझ्याकडे येऊन देवाचं सांगितलंस. देवाशी मी काय भांडणार. मला तुझ्याशी भांडायचं होतं. ताई, मला जायचंय, एवढं म्हणाली असतीस तर दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी पोचवायला आले असते. हिनं म्हटलं. म्हणून हिला पोचवायला येतेय. तेव्हा भेटू. मला बघून रडत बसू नकोस, मला त्याच दिवशी परत निघायचंय, कारखान्यात रजा नाही.

हिच्याबद्दल थोडं. अंगावरचे कपडे ओले असले तरी बदलत नाही, बघत जा. कुणी जोरात बोललं की गप्प बसते, रुसत नाही, विचार करते. खोकला झाला तर लपवते.

जेवायचं मात्र नीट ऐक. कामात असली की तिला भूक कळत नाही. बोलावलं तर एका हाकेत उठत नाही. ऐकू येतं तिला, बहिरी नाही, पण हातातलं सोडून यायला वेळ लागतो, तिच्या बापासारखा. तुमचे नियम तुमच्यापाशी. तिला दोनदा हाक मारायची. पहिली मारून झाली की रागवायचं नाही, ताट झाकून ठेवायचं आणि थोडं थांबायचं. मग दुसरी.

येते ती.

तुझी ताई